घरच्या वर्कशॉपसाठी बेंच ड्रिल: कमी बजेटमध्ये काय बघून घ्यावं

हँड ड्रिलने भोक पडतं, पण ते काटकोनात पडेलच असं नाही. १० मिमी जाडीच्या पट्टीत भोक नुसतं दोन अंश तिरकं गेलं, तरी खालच्या बाजूला ते ०.३५ मिमी सरकलेलं असतं. चार भोकांची प्लेट चार बोल्टवर बसत नाही, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. एकाच मापाची दहा भोकं, ठरावीक खोलीची भोकं, ८-१० मिमीच्या वरची लोखंडातली भोकं आणि कपाटाच्या बिजागरीसाठी ३५ मिमीचे गोल खड्डे, या कामांसाठी उभं ड्रिल मशीन लागतं. दुकानात त्याला बेंच ड्रिल म्हणतात आणि जमिनीवर उभं राहणारं असेल तर पिलर ड्रिल.

बजेट कमी असलं की माणूस हॉर्सपॉवर, मिमी आणि लेझर लाइट बघून मशीन निवडतो. या तिन्ही गोष्टी कमी महत्त्वाच्या आहेत. पैसे द्यायचे ते बिडाला (ओतीव लोखंडाला), सरळ फिरणाऱ्या स्पिंडलला आणि कमीत कमी वेगाला. मोटर नंतर बदलता येते, चक बदलता येतो, पट्टा तर कधीही बदलता येतो. वाकणारा कॉलम आणि डुगडुगणारी क्विल मात्र जन्मभर तशीच राहते. (स्पिंडल म्हणजे बिट फिरवणारा दांडा, चक म्हणजे बिट पकडणारे जबडे, कॉलम म्हणजे मशीनचा उभा खांब आणि क्विल म्हणजे हँडल ओढल्यावर स्पिंडलला घेऊन वरखाली होणारी जाड नळी.)

आधी कामाची यादी करा

पुढच्या वर्षभरात कोणती भोकं पाडायची आहेत, ती कागदावर लिहा. कशात, किती मिमीचं, किती खोल आणि कडेपासून किती आत, हे चार आकडे पुरेत. मशीनचं माप यातूनच ठरतं.

लाकूडकाम मुख्य असेल तर कडेपासूनचं अंतर, म्हणजे स्पिंडलच्या मध्यापासून कॉलमपर्यंतची जागा, महत्त्वाची ठरते. छोट्या मशीनमध्ये ही जागा साधारण १०० मिमी असते, म्हणजे २०० मिमी रुंद फळीच्या मधोमध जेमतेम भोक पडतं. परदेशी माहितीपत्रकांत ‘आठ इंची मशीन’ लिहिलेलं असतं ते या अंतराच्या दुपटीवरून. आठ इंच वाचून आठ इंच जागा मिळेल असं समजू नका, मिळणार चारच इंच.

लोखंडकाम मुख्य असेल तर कमीत कमी वेग बघायचा. हा आकडा सगळ्यात आधी विचारायचा असतो आणि बहुतेक लोक तो विचारतच नाहीत. साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टीलच्या) बिटाने माइल्ड स्टीलमध्ये भोक पाडताना ८००० ला बिटाच्या मिमीने भागलं की मिनिटाला किती फेरे हवेत ते ढोबळमानाने मिळतं. ५ मिमीला १६००, ८ मिमीला १०००, १० मिमीला ८००, १३ मिमीला साधारण ६००. स्टेनलेस स्टीलला याच्या निम्मे, ॲल्युमिनियमला दुप्पट-तिप्पट. म्हणजे ज्या मशीनचा सगळ्यात कमी वेग ६०० आहे, त्यावर माइल्ड स्टीलमध्ये १३ मिमीचं भोक जेमतेम जमेल आणि स्टेनलेसमध्ये १० मिमीचं बिट मिनिटभरात जळेल. ३५ मिमीचा होल-सॉ (करवतीसारखे दाते असलेलं गोल बिट) पत्र्यात चालवायला २०० च्या आत फेरे हवेत, ते अशा मशीनवर मिळतच नाहीत. लाकडात ३५ मिमीच्या फोर्स्टनर बिटाला (सपाट तळाचा गोल खड्डा पाडणाऱ्या) ५०० च्या आसपास फेरे बरे. लोखंडाचं काम करणाऱ्याने ४५०-५०० किंवा त्याहून कमी वेग असलेलंच मशीन शोधावं.

बाजारात मिळणारे प्रकार

पहिला प्रकार म्हणजे हँड ड्रिल अडकवायचा स्टँड. दीड-दोन हजारांत मिळतो. पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी), प्लॅस्टिक किंवा पातळ लाकूड एवढंच करायचं असेल तर चालेल. त्याची पकड प्लॅस्टिकची असेल तर सोडून द्या. लोखंडाला स्टँड नको.

दुसरा प्रकार म्हणजे आयात होणारं हलकं बेंच ड्रिल. १३ मिमी, ३५० वॅट, पाच वेग आणि वजन साधारण १५ ते २० किलो. आठ-दहा हजारांच्या आसपास येतं. दिसायला नीटनेटकं, लिफ्टमधून एकट्याने वर नेता येईल असं. मोटरची पाटी वाचली की त्याची मर्यादा कळते. तिथे ‘एस२ १५ मिनिटं’ असं लिहिलेलं असेल तर मोटर पूर्ण भारावर सलग पंधरा मिनिटंच चालायला केलेली आहे, नंतर ती थंड व्हायला हवी. सलग चालणाऱ्या मोटरवर ‘एस१’ असतं. लाकूड, ॲल्युमिनियम आणि ६-८ मिमीपर्यंतची लोखंडी भोकं यांसाठी हे मशीन ठीक आहे.

तिसरा प्रकार देशी, बिडाचं बॉडी असलेलं १३ मिमी बेंच ड्रिल. राजकोट, लुधियाना आणि बटाला इथून अशी मशीनं देशभर जातात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर आणि इतर शहरांतल्या मशिनरीच्या दुकानांत ती रांगेने उभी दिसतात. वजन ४५-६० किलो, मोटर वेगळी आणि मागे बोल्टने बसवलेली, पट्टा ‘ए’ सेक्शनचा, म्हणजे कुठल्याही बेल्टच्या दुकानात मिळणारा. मोटर धरून साधारण १२ ते २० हजार. फिनिशिंग ओबडधोबड असतं, रंगाखाली लांबी (पुटी) भरलेली असते, कडांना बर (धातूची टोचरी कड) राहिलेली असते. तरीही लोखंडकाम करणाऱ्याने याच प्रकारातलं मशीन घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. शंभर रुपयांचा बेअरिंग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणं आणि तो स्वतः बदलता येणं, याची किंमत पाचव्या वर्षी कळते.

चौथा प्रकार २० किंवा २५ मिमीचं पिलर ड्रिल. स्पिंडलमध्ये मोर्स टेपर २ (ठरावीक मापाचं निमुळतं भोक) असतो, त्यामुळे चक काढून १४ ते २३ मिमीची टेपर शँक (निमुळत्या दांड्याची) बिटं थेट बसवता येतात. वजन शंभर किलोच्या वर, जागा जास्त. तळमजल्यावर शेड असेल, गेट-ग्रिल किंवा शेतीच्या अवजारांची दुरुस्ती होत असेल तर याचा विचार करा. फ्लॅटमधल्या बाल्कनीसाठी नाही.

जुनं मशीन हा पाचवा पर्याय. तो नीट तपासता आला तर सगळ्यांत स्वस्त पडतो. त्याबद्दल पुढे.

पाटीवरचे आकडे कसे वाचायचे

‘१३ मिमी क्षमता’ म्हणजे चक १३ मिमीपर्यंत उघडतो, एवढंच. हार्डवेअरच्या भाषेत चार सुती. त्या मशीनने पोलादात १३ मिमीचं भोक रोज पाडता येईल असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. १० मिमीचं बिट माइल्ड स्टीलमध्ये नीट कापायला लागलं की त्याच्या टोकावर शंभर किलोच्या वर जोर येतो. हँडलच्या तरफेमुळे हाताला तो सात-आठ किलोच जाणवतो, पण टेबल, कॉलम आणि हेड (कॉलमवरचा, स्पिंडल असलेला भाग) यांना पूर्ण सोसावा लागतो. म्हणून वजन बघायचं. कॉलमचा बाहेरचा व्यास ४५-५० मिमीच्या आत असेल तर जोर देताच हेड वर उचललं जातं आणि टेबल खाली झुकतं. ६० मिमीच्या वर असेल तर बरं.

मोटर अर्धा एचपी, म्हणजे ०.३७ किलोवॅट, १४०० च्या आसपास फेऱ्यांची, घराला पुरते. एक एचपीसाठी जास्त पैसे देऊ नका, कारण १३ मिमीच्या मशीनचा पट्टा त्याच्या आधीच घसरतो. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथे मात्र विचार वेगळा. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर जोर साठ टक्क्यांवर येतो, मोटर गुणगुणते, तापते आणि कपॅसिटर जातो. तिथे पाऊण किंवा एक एचपी घेणं शहाणपणाचं. बटण फिरवून वेग बदलणारी, ब्रशवाली स्वस्त मशीनं लोखंडासाठी टाळा. वेग खाली आणला की त्यांतल्या बहुतेकांचा जोरही जातो आणि मोठ्या बिटाला नेमका कमी वेगावरच जोर हवा असतो.

क्विलची धाव, म्हणजे हँडल ओढल्यावर बिट किती खाली येतं, ती छोट्या मशीनमध्ये ५० मिमी आणि मोठ्यात ७५-८० असते. ५० मिमी लोखंडाला भरपूर. खुर्चीच्या पायात ७० मिमी खोल भोक पाडायचं तर मात्र अर्ध्यात थांबून टेबल वर घ्यावं लागतं. गोल कॉलमवर टेबल वर घेतलं की ते थोडं फिरतंच आणि भोकाचा मध्य हरवतो. टेबल वरखाली करायला रॅक आणि हँडल आहे का तेही बघा. नुसती पकड सैल करून हाताने उचलायचं टेबल बिडाचं असेल तर व्हाइससकट चांगलं जड लागतं.

खोली ठरवणारा स्टॉप आटेदार रॉडवर दोन नटांचा असावा. हँडलच्या मुळाशी फिरणारी प्लॅस्टिकची आकड्यांची चकती दोन-तीन मिमी इकडेतिकडे होते, तिच्या भरवशावर बिजागरीचा खड्डा पाडला की फळीच्या पलीकडून बिटाचं टोक दिसतं.

लेझर सोडून द्या. सेंटर पंचने मारलेली खूण कुठल्याही लेझरपेक्षा अचूक असते.

दुकानात जाताना सोबत काय न्यायचं

१० मिमीची डॉवेल पिन, ८०-१०० मिमी लांब (कडक केलेली आणि ग्राइंड केलेली असल्याने ती सरळ असते), ०.०१ मिमीचा डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापयंत्र) आणि मॅग्नेटिक स्टँड, ओळखीच्या टर्नरकडून तासाभरासाठी मागून, छोटा गुण्या, सायकलच्या चाकाचा एक स्पोक, ५ आणि १० मिमीची धारदार बिटं, १० मिमी जाड एमएस (माइल्ड स्टील) पट्टीचा हातभर तुकडा. एवढं सामान बघितलं की दुकानदार आपोआप दुसरं, बरं मशीन पुढे करतो. ऑनलाइन घेणार असाल तर हीच तपासणी घरी, परत करण्याची मुदत संपायच्या आत करायची. म्हणून खोका आणि थर्मोकोल फेकू नका.

पहिली तपासणी स्पिंडलची. प्लग काढा. चकमध्ये डॉवेल पिन पकडा, तिन्ही भोकांतून चावीने घट्ट करा. टेबलावर स्टँड ठेवून जबड्यांच्या २५ मिमी खाली डायलचं टोक पिनला टेकवा आणि पुली हाताने सावकाश फिरवा. काटा एकूण ०.०५ मिमीच्या आत हलला तर मशीन उत्तम. ०.१ पर्यंत घरकामाला चालेल. ०.२ च्या वर गेला तर दोष कुठे आहे ते शोधा. चक काढायला लावून डायल थेट स्पिंडलच्या टेपरवर टेकवा. तिथे काटा ०.०२-०.०३ मध्येच राहिला तर दोष चकचा, तो बदलून मिळतो किंवा हजार-दीड हजारांत दुसरा चांगला बसतो. टेपरच लंगडत असेल तर स्पिंडल वाकलेला आहे किंवा बेअरिंग नीट बसलेले नाहीत. ते मशीन घेऊ नका, दुकानदार कितीही कमी करून देत असला तरी.

दुसरी तपासणी खेळाची. क्विल ५० मिमी खाली ओढून तिथेच धरा आणि दुसऱ्या हाताने चक पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे ढकला. खडखड हाताला लागली तर डायल लावून मोजा. ०.१५ मिमीपर्यंत ठीक. काही मशीनच्या हेडला बाजूला ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) आणि लॉकनट असतो, तो किंचित आवळला की खेळ कमी होतो. ती सोय आहे का ते बघा आणि आवळल्यावर क्विल स्प्रिंगने आपोआप वर जाते ना तेही बघा.

तिसरी तपासणी टेबलाची, आणि इथे स्पोक कामाला येतो. स्पोकला झेडच्या आकारात दोन वाक द्या, वरचं टोक चकमध्ये पकडा, खालचं टोक मध्यापासून १०० मिमी (छोट्या मशीनमध्ये कॉलमला लागणार नाही इतकं कमी) बाहेर येऊन टेबलाला जेमतेम टेकेल असं ठेवा. पुली हाताने फिरवून टोक उजवीकडे, डावीकडे, पुढे आणि मागे न्या. टोक आणि टेबल यांच्यामध्ये एक कागद सरकवत राहा, म्हणजे फरक लगेच कळतो. डावी-उजवीकडे फरक असेल तर काळजी नाही, टेबलाखालचा बोल्ट सैल करून तो काढता येतो. पुढे-मागे फरक असेल तर त्याला मशीनमध्ये कुठलीच सोय नसते. २०० मिमीमध्ये अर्धा मिमी फरक शिम (पातळ चकती किंवा पट्टी) टाकून सांभाळता येईल. दोन मिमी असेल तर ओतीव कामच वाकडं मशिनिंग झालं आहे, दुसरा नग मागा.

चौथी तपासणी जोराची. पिन चकमध्येच ठेवा, टेबलावर लाकडी ठोकळा ठेवा, पिनेला गुण्या लावा. आता हँडल ओढून पिन ठोकळ्यावर चांगली दाबा आणि पिन व गुण्याची पट्टी यांच्यामधून येणारा उजेड बघा. थोडी फट प्रत्येक मशीनमध्ये उघडते. गुण्याच्या १०० मिमी उंचीत अर्ध्या मिमीहून जास्त उजेड दिसला तर ते मशीन लाकडाचं, लोखंडाचं नाही.

शेवटी प्रत्यक्ष भोक पाडायला लावा. पट्टीवर सेंटर पंच मारून आधी ५ मिमी, मग सगळ्यात कमी वेगावर पट्टा टाकून १० मिमी. बिटाच्या दोन्ही खाचांतून सारख्या जाडीच्या दोन सळ्या वळत वर येत असतील, त्यांचा रंग चांदीसारखा किंवा हलका पिवळसर असेल, तर सगळं जुळलेलं आहे. एकाच खाचेतून कीस येत असेल तर बिटाची धार असमान आहे, मशीनला दोष देऊ नका. कीस निळा पडला तर वेग जास्त आहे. नुसती भुकटी पडत असेल तर दाब कमी आहे आणि धार बोथट होत चालली आहे. या वेळी मोटरचा आवाज आणि पट्टा दोन्हीकडे लक्ष ठेवा. १० मिमीला पट्टा नीट ताणलेला असूनही घसरत असेल तर पुल्या नीट कापलेल्या नाहीत.

जुनं मशीन घेताना

भोसरी, चिंचवड, अंबड, वाळूज, शिरोली, हिंगणा अशा औद्योगिक पट्ट्यांत छोटी युनिट बंद होतात किंवा मशीन बदलतात, तेव्हा वीस-तीस वर्षांची ड्रिल मशीनं भंगाराच्या भावाच्या थोडं वर मिळतात. त्यांचं बीड जुनं, मुरलेलं असतं. तरी तीन ठिकाणी फसगत होते.

पहिलं, मोटर बहुतेकदा थ्री-फेज असते. घरी सिंगल फेज असेल तर अर्धा एचपीची नवी सिंगल फेज मोटर धरून हिशोब करा. छोटा व्हीएफडी (सिंगल फेज विजेतून थ्री-फेज बनवणारं आणि मोटरचा वेग बदलणारं उपकरण) लावून थ्री-फेज मोटर घरच्या विजेवर चालवता येते, पण त्याआधी मोटरची पाटी वाचा. २३०/४१५ व्होल्ट, डेल्टा/स्टार (मोटरची टोकं जोडायच्या दोन पद्धती) असं असेल आणि जोडपेटीत सहा टोकं बाहेर आलेली असतील तरच डेल्टामध्ये जोडून हे सरळ जमतं. नुसतं ४१५ आणि तीनच टोकं असतील तर वाइंडरकडे मोटर उघडावी लागेल. व्हीएफडीचा मोठा फायदा असा की पट्टा न बदलता वेग कमी करता येतो. फार खाली नेलं तर मोटरचा पंखा मंदावतो आणि ती तापते, त्यामुळे २० हर्ट्झच्या खाली फार वेळ चालवू नका.

दुसरं, बिडावरचं वेल्डिंग. टेबलाच्या दांडीला, हेडच्या पकडीला आणि बेसच्या कोपऱ्यांना रंगाखाली जाड रेघ दिसते का ते नखाने चाचपा. बीड एकदा तडकलं की जोडलेल्या जागेचा भरवसा नसतो. टेबलावर बिटाने पडलेले खड्डे असतील तर हरकत नाही, त्यावर प्लायवूड बसवता येतं.

तिसरं, मोर्स टेपर. आत बोट घालून फिरवा. चर पडलेले किंवा ओरखडे असतील तर टेपर शँक बिट फिरत्या फिरत्या घसरलेलं आहे आणि चकचा आर्बर (चक आणि स्पिंडल जोडणारा निमुळता दांडा) आता नीट बसणार नाही. रीमरने (भोक आतून घासून नीट करणाऱ्या हत्याराने) तो साफ करता येतो, पण त्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.

बजेटचा चौथा भाग मशीनसाठी नाही

तुमच्याकडे १६ हजार असतील तर मशीन १२ चं बघा. उरलेल्यातून लागणाऱ्या वस्तू मशीनइतक्याच आवश्यक आहेत. बिडाचा १०० मिमी जबड्याचा ड्रिल व्हाइस, त्याच्या खाचा टेबलाच्या खाचांशी जुळतात का हे दुकानातच ठेवून बघून. दोन चार-इंची सी-क्लॅम्प. एचएसएस बिटांचा १ ते १० मिमीचा अर्ध्या-अर्ध्या मिमीचा संच, शिवाय टॅपसाठी (भोकात आटे पाडायच्या हत्यारासाठी) ६.८ (एम ८) सुटं; एम ६ चं ५ आणि एम १० चं ८.५ संचातच येतं. मिरांडा, ॲडिसन, टोटेम अशी देशी बिटं विश्वासू दुकानातून घ्या. सोनेरी मुलामा दिलेल्या शंभर बिटांच्या स्वस्त पेटीपेक्षा साधी काळी-करडी दहा बिटं जास्त काम देतात. सेंटर पंच, काउंटरसिंक (भोकाचं तोंड निमुळतं रुंद करणारं बिट), डोळ्यांचा चष्मा.

भाव विचारताना चार प्रश्न आधी विचारा: मोटरसकट आहे का, चक धरून आहे का, स्विच आणि वायरिंग आहे का, १८ टक्के जीएसटी आणि वाहतूक धरलेली आहे का. देशी मशीनचा सांगितलेला भाव बऱ्याचदा बिनमोटरचा असतो. दोन दुकानांच्या भावांत चार हजारांचा फरक दिसला की तो इथेच सापडतो.

स्विच नो-व्होल्ट प्रकारचा लावून घ्या. वीज गेली की तो सुटतो आणि वीज आल्यावर हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. साध्या स्विचवर, वीज गेलेली असताना तुम्ही बिट बदलत असाल आणि वीज अचानक आली तर काय होईल याचा विचार करा. भारनियमन असलेल्या गावात या स्विचला पर्याय नाही. जोडणी १६ अँपिअरच्या तीन पिनी सॉकेटला, नीट अर्थिंग असलेल्या, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच).

घरी आणल्यावर बसवायचं कसं

१. गंज येऊ नये म्हणून लावलेलं ग्रीस रॉकेलने किंवा डिझेलने पुसून काढा. कॉलम, टेबल आणि क्विलला मशीन ऑइलचा हात फिरवा.

२. बेंच ६५ ते ७५ सेंटिमीटर उंच आणि भिंतीला पक्कं केलेलं असावं. बेसच्या भोकांतून १० किंवा १२ मिमीचे आरपार बोल्ट आणि खालून मोठे वॉशर. स्क्रूवर भागवू नका. या मशीनचं वजन सगळं वर असतं आणि टेबलावर लांब पट्टी ठेवली की ते पुढे कलतं. फ्लॅटमध्ये बेसखाली ८-१० मिमीचा रबर टाका, खालच्या मजल्यावर घरघर जात नाही.

३. चक बसवण्याआधी स्पिंडलचा टेपर आणि चकच्या आतला टेपर पेट्रोलने धुऊन पूर्ण कोरडा करा. तेलाचा पातळ थर राहिला तरी चक कधीतरी फिरता फिरता सुटून टेबलावर पडतो. जबडे पूर्ण आत घ्या, चक हाताने वर ढकला आणि खालून लाकडी हातोड्याचे दोन ठोके द्या. लोखंडी हातोडा नको, बेअरिंगला घाव बसतो. डायलवर लंगडेपणा जास्त दिसला तर चक उतरवून अर्धा फेरा फिरवून बसवा, बऱ्याचदा दोन चुका एकमेकींना खोडतात.

४. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १०-१२ मिमी आत जावा. त्याहून घट्ट केला तर बेअरिंग लवकर जातात.

५. क्विलची स्प्रिंग: हँडल सोडल्यावर ती शांतपणे वर जावी, आपटू नये. स्प्रिंगची डबी हेडच्या बाजूला असते. ती सोडताना घट्ट पकडा, आतली पट्टी ताणलेली असते आणि बोटं कापू शकते.

६. टेबलावर १८ मिमी प्लायवूडचं जास्तीचं टेबल बसवा. पुढे-मागे तिरकेपणा असेल तर त्याची शिम याच्याखाली घाला. मागे एक सरळ लाकडी पट्टी क्लॅम्पने लावली की कडेपासून सारख्या अंतरावरची भोकं न मोजता पडतात.

काम करताना बिघडतं ते कुठे

बिट सुरुवातीलाच भरकटत असेल तर पंचची खूण लहान आहे किंवा बिट फार लांब बाहेर आहे. ८ मिमीच्या वरच्या भोकाला आधी ४ मिमीचं भोक पाडा. मोठ्या बिटाच्या मध्यावरची बोथट कड लोखंड कापत नाही, नुसती दाबते, आणि सगळा जोर तीच खाते.

बिट खालून बाहेर पडताना अडकतं आणि पीस गरकन फिरतो, ही सगळ्यात जास्त दुखापत करणारी गोष्ट. शेवटच्या दोन मिमीला हात हलका करा. पीस व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पमध्येच हवा. लांब पट्टी असेल तर तिचं लांब टोक कॉलमच्या डाव्या बाजूला राहील अशी ठेवा. स्पिंडल वरून बघता घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे पट्टी सुटलीच तर ती कॉलमवर जाऊन अडते, तुमच्या पोटावर येत नाही. पातळ पत्रा दोन प्लायवूडच्या तुकड्यांत दाबून भोक पाडा किंवा स्टेप ड्रिल (पायऱ्यांसारखं वाढत जाणारं बिट) वापरा. पितळेत बिट स्वतःहून आत ओढलं जातं, म्हणून पितळेसाठी एक बिट वेगळं ठेवून त्याची धार ऑइलस्टोनवर किंचित बोथट करून घ्या.

हातमोजे घालून ड्रिल चालवायचं नाही. कीस तापलेला आणि धारदार असतो म्हणून घालावेसे वाटतात, पण बिटाने मोज्याचा एक धागा पकडला की बोट सोबत जातं. कीस ब्रशने काढा, मशीन बंद करून. लांब बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, मोकळे केस, सगळं आवरून. चावी चकमध्ये सोडून हात बाजूला नेण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावू नका.

माइल्ड स्टीलला पाण्यात मिसळणारं कटिंग ऑइल, वीस भाग पाण्याला एक भाग. ॲल्युमिनियमला रॉकेलचे थेंब, म्हणजे कीस खाचेत चिकटत नाही. बीड आणि पितळ कोरडंच. स्टेनलेसमध्ये वेग कमी, दाब पक्का आणि मध्ये रेंगाळायचं नाही. बिट नुसतं घासत राहिलं की वरचा थर कडक होतो आणि मग नवं बिटही आत जात नाही.

एम ६, एम ८ चे आटे सरळ पाडायलाही हे मशीन उपयोगी आहे. प्लग काढून टॅप चकमध्ये धरा, क्विल हलकी दाबून ठेवा आणि चक हाताने फिरवत पहिले तीन-चार आटे पाडा. मग टॅप सोडून बाकीचे रेंचने. मोटरने टॅप मारू नका, उलट फिरायची सोय नसलेल्या मशीनमध्ये तो आतच तुटतो.

पहिल्या महिन्यानंतर पट्टा एकदा ताणून घ्या, नवा पट्टा थोडा लांबतोच. मोटरच्या पुलीचा ग्रब स्क्रूही तेव्हाच आवळा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या आधी टेबल आणि कॉलमला मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ हात द्या. जून ते सप्टेंबर मशीन वापरात नसेल तर चकच्या जबड्यांत तेलाचे दोन थेंब टाकून ते आतबाहेर फिरवून ठेवा. टेपरवर मात्र तेल ओघळू देऊ नका.